चिमटीची जागा

मी आयुष्यभर फोमला भोकं पाडली. नोकरीत काय करत होतात असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. समोरचा हसतो आणि विषय संपतो. या दिवाळी अंकाच्या संपादकबाई हसल्या नाहीत, म्हणून त्यांच्या तावडीत सापडले. मी त्यांना आधीच बजावलं की बाई, माझ्याकडे गोड काही नाही. त्या म्हणाल्या, चालेल. आमच्या कोकणात नरक चतुर्दशीला पायाने कारीट नावाचं रानफळ फोडतात, त्याची कडू बी जिभेला लावतात आणि मग फराळाला बसतात. हा लेख त्या बीच्या जागी समजा.

आमचा गाळा साकीनाक्याला, एका इंडस्ट्रियल इस्टेटीत. खाली फोम कापायची मशिनं, वर पोटमाळ्यावर ऑफिस आणि ऑफिसच्या कोपऱ्यात माझं ड्रॉइंगचं टेबल. मी घाटकोपरच्या असल्फ्याची, आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली. शेठनी विचारलं, फोम माहीत आहे का? मी म्हटलं, गादीतला माहीत आहे. ते म्हणाले, झालं तर मग. अशी माझी नेमणूक. तेव्हा शेठ एकच होते. मुलगा हर्षल धंद्यात आला आणि ते ‘मोठे शेठ’ झाले.

काम असं. कॅमेरा, दुर्बीण, डॉक्टरांची हत्यारं, असलं नाजूक सामान पेटीतून न्यायचं तर पेटीत फोम लागतो, आणि फोमला त्या वस्तूच्या आकाराचा खळगा लागतो. तो खळगा कागदावर काढायचा, हे माझं काम. त्यावरून डाय बनते. डाय म्हणजे प्लायवूडमध्ये ठोकलेलं धारदार पोलादी पातं, वस्तूच्या आकारात वळवलेलं. ती प्रेसखाली फोमवर दाबली की खळगा कापून निघतो. ऐकायला सोपं आहे. पण मऊ फोम दाबून कापला की सुटल्यावर तो मधून फुगतो, पोट सुटलेल्या माणसासारखा. वरून खळगा बरोबर दिसतो आणि आत वस्तू अडकते. म्हणून वस्तू जेवढी, तेवढं कधीच काढायचं नसतं. कुठे सैल आणि कुठे घट्ट, ते बोटांना कळावं लागतं. मला कळायला बरीच वर्षं गेली आणि तोवर बराच फोम भंगारात गेला.

मग आमच्याकडे सैनिक आले. बोरिवलीचे एक दातांचे डॉक्टर एकदा जेवणाचा उभा डबा घेऊन जिना चढून आले. मला वाटलं, हे इथे जेवणार की काय! डबा उघडला तर प्रत्येक खणात कापूस, आणि कापसात बोटाच्या दोन पेरांएवढे रंगवलेले सैनिक, घोडेस्वार, राक्षस, पंख पसरलेले ड्रॅगन. हा एक खेळ असतो. मोठ्या टेबलावर दोघं जण आपापलं सैन्य मांडतात, मोजपट्टीने अंतर मोजून पुढे सरकवतात आणि फासे टाकून लढतात. सैन्याचे सुटे तुकडे विकत मिळतात. ते घासायचे, जोडायचे आणि एकेक सैनिक हाताने रंगवायचा, अगदी डोळ्यातल्या पांढऱ्या ठिपक्यासकट. माझ्या तोंडून ‘बाहुल्या’ असा शब्द गेला आणि डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी डबा बंद करायला घेतला. मी चहा मागवला तेव्हा कुठे बसले.

त्यांनी चार मित्रांना सांगितलं, त्या चारांनी आणखी चारांना, आणि बघता बघता सैनिकांचे ट्रे हा आमचा धंदाच झाला. गिऱ्हाइकं एकेक नमुना. भांडुपच्या एका गृहस्थांना ट्रेची पेटी हवी होती, पण पेटीवर ‘ड्रिल मशीन’ असं छापून. हा नाद सोडला असं त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं. मनोरीहून एक मुलगी यायची, सगळं सैन्य मांडीवर घेऊन, खाडी ओलांडताना होडी हलते म्हणून. आल्यावर सुती हातमोजे घालायची आणि मला एकाही सैनिकाला हात लावू द्यायची नाही. मग मी माप कसं घेणार? तिने सैनिक कागदावर धरायचा आणि मी त्याच्याभोवती आरती ओवाळल्यासारखी पेन्सिल फिरवायची. खाली प्रेसवर शफीकभाई असायचे, गोवंडीचे, आमच्या गाळ्यातले सगळ्यात जुने कारागीर. ते मान वर करून बघायचे आणि हसू दाबायचे.

या कामात मी मात्र रमले. खोटं कशाला बोलू, कॅमेऱ्याच्या पेट्या करून मी कंटाळले होते. प्रत्येक सैनिक एका गोल चकतीवर उभा असतो, तिला मी बैठक म्हणायचे. ट्रेमध्ये तो आडवा झोपतो. तेव्हा बैठक घट्ट धरायची, अंग सैल सोडायचं आणि भाला, तलवार, पंख यांना फोमचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. शिवाय बैठकीच्या दोन बाजूंना एकेक अर्धगोल खाच, अंगठा आणि तर्जनी आत जाण्यापुरती. तिला आम्ही चिमटी म्हणायचो. माणूस वस्तू ठेवताना जपून ठेवतो, पण काढताना हाताला येईल ते धरून ओढतो. चिमटीची जागा असली तर तो बैठक धरतो, नसली तर भाला धरतो. ही चिमटी माझी. कुणी शिकवली नाही, कुठून उचलली नाही. मोठ्या शेठनी तेव्हा सगळ्या गाळ्याला पेढे वाटले होते.

आता हर्षलबद्दल. तो मूर्ख नव्हता हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी जळते. जळतेच. पण तो मूर्ख नव्हता.

गोरेगावला एका प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. कुणीतरी विचारलं, यातून सैनिक पडत नाहीत का? हर्षलने मोठ्या ऐटीत भरलेला ट्रे उलटा केला आणि पाचसहा सैनिक खाली गालिच्यावर. लोक हसले. तो परत आला तो तणतणतच, आपला ट्रे गळतो मॅडम, वाट लागली माझी तिथे. मी समजावलं, अरे बाबा, ट्रे पिशवीत आडवा राहतो, त्याच्या डोक्यावर दुसरा ट्रे असतो, तो झाकणाचं काम करतो. उघडा ट्रे उलटा करून कोण चालतं? तो म्हणाला, कोणी चालत नाही, पण बघताना लोक तसंच बघतात. हे त्याचं खरं होतं. मला ते तेव्हाही पटलं होतं, हेच तर दुखणं.

त्याने काय केलं, माझं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर घेऊन खळगे आवळले, चिमटी उडवली आणि उरलेल्या जागेत एका ट्रेमागे आणखी सैनिक कोंबले. पुढच्या प्रदर्शनात त्याने हा भरलेला ट्रे गिऱ्हाइकाच्या तळहातावर उलटा धरला आणि एक सैनिक हलला नाही. टाळ्या पडल्या, लोकांनी मोबाइल काढून शूटिंग केलं. आमच्या लाइनमधल्या बाकीच्यांनीही ती युक्ती उचलली आणि ट्रे उलटा केल्याशिवाय कुणी ट्रे घेईनासं झालं. जो ट्रे उलटा केला तरी सैनिक सोडत नाही, तो सुलटा असतानाही सोडत नाही, हे कुणाच्या लक्षात यायला नको? मी हर्षलला म्हटलं, दाखवायला ठेव, विकू मात्र नको. तो म्हणाला, बरोबर आहे मॅडम. त्याला भांडायची सवयच नव्हती. बरोबर आहे म्हणायचा आणि आपलं तेच करायचा.

रोहन गायकवाड आला तो याच सुमाराला. मुलुंडचा, पंचविशीतला, घरचे मूळचे अकोल्याकडचे. वडील बस चालवायचे, आता निवृत्त. हा एका ऑफिसात अकाउंट्समध्ये होता. ते सोडून लोकांची सैन्यं रंगवून द्यायचं काम त्याने पूर्णवेळ धरलं होतं. वडिलांनी एक वर्ष दिलं होतं. वर्षात जमलं तर जमलं, नाहीतर मुकाट नोकरी धरायची. दुबईला राहणाऱ्या एका गृहस्थांनी त्याच्याकडून अख्खं सैन्य रंगवून घेतलं होतं. ते विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरणार, तिथे सैन्य ताब्यात घेणार, आणि आवडलं तर पुढची दोन सैन्यं त्यालाच देणार, शिवाय तिकडच्या क्लबात त्याचं नाव सांगणार. म्हणजे वडिलांनी दिलेल्या वर्षाचं काय होणार, ते त्या हॉटेलात ठरणार होतं. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पोरगं मोकळं होतं, मनात ठेवून बोलायची कला त्याला नव्हती.

त्याचं काम मी भिंग लावून बघितलं. भालाईत होते, भाला सुईएवढा बारीक आणि त्याला लाकडाच्या रेषा रंगवलेल्या. म्हातारे सैनिक होते, त्यांच्या दाढीत राखाडी केस. मी विचारलं, एवढं कोण बघणार रे? तो म्हणाला, “मी बघितलंय ना, मॅडम.” त्या उत्तराने तो मला आवडला. माझ्याही कामाचं तेच होतं. चिमटी चांगली असली तर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

त्याच्या ट्रेवर मी जीव ओतला. नमुन्याचा ट्रे हाताने कापला आणि आम्ही दोघांनी एकेक सैनिक ठेवून, काढून पाहिला. शेवटी मी त्याला म्हटलं, डोळे मिट आणि उचल. त्याने डोळे मिटले, बोटं आपोआप खाचेत गेली आणि भालाईत अलगद वर आला. झकास, मॅडम, असं म्हणून तो लहान मुलासारखा हसला. माझी डाय बनून आली. खाली शफीकभाईंच्या हातात दिली आणि मी गणपतीला गावी गेले. गणपतीला गावी न जाणारा कोकणी माणूस मी अजून पाहिला नाही.

परत आले तेव्हा पिशवीत सगळ्यांसाठी गुळात घोळवलेलं खाजं होतं. शफीकभाईंना पुडी दिली तर ते घेईनात. म्हणाले, आधी ऐका. मुलुंडच्या पोराचे ट्रे गेले, पण तुमची डाय लागलीच नाही. प्रदर्शनाचा, बिनचिमटीचा मोठा लॉट कापायचा होता, छोट्या शेठनी सांगितलं, एकाच डायमध्ये हेही काढून टाका, सैनिक सगळे सारखेच. शफीकभाईंनी विचारलं होतं, मॅडमना फोन करू का? हर्षल म्हणाला होता, सुट्टीत कशाला त्रास.

 मी तिथूनच रोहनला फोन लावला. सैनिक त्या ट्रेमध्ये आत जाणार, मस्त बसणार, आणि पोचवायच्या घाईत खाच नाही हे त्याच्या लक्षातही येणार नाही. फोम दबतो आणि जागा देतो. पण बाहेर येताना देत नाही. मला त्याला एवढंच सांगायचं होतं की ओढू नकोस, सुरीने फोम काप आणि सैनिक मोकळा कर. ट्रेचं वाटोळं होऊ दे. फोन वाजत राहिला. तीनचारदा लावला. तो त्या वेळी हॉटेलात होता, फोन सायलेंटवर ठेवून.

दुपारी तो गाळ्यात आला. ट्रे त्याने हर्षलच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी रुमाल उघडला. रुमालात भाले नसलेले भालाईत. भाले फोममध्येच होते, बांगडा खाऊन झाल्यावर ताटात काटे राहतात तसे. त्या गृहस्थांनी उत्साहाने स्वतःच काढायला सुरुवात केली होती आणि रोहनच्या डोळ्यांदेखत एकामागून एक मोडत गेले होते. रोहन ओरडत नव्हता. त्याने ओरडायला हवं होतं. तो फक्त विचारत होता की हे असं कसं झालं, त्या दिवशी तर मी डोळे मिटून उचलला होता.

हर्षलने ट्रे हातात घेतला. फिटिंग तर परफेक्ट आहे, म्हणाला. काढताना घाई झाली असेल, नाहीतर तुझा गोंद कच्चा असेल. आणि मग, किती सहज, माझ्याकडे वळून म्हणाला, “परबमॅडमना विचार ना. डिझाइन त्यांचंच आहे.”

सगळा गाळा बघत होता. प्रेस थांबली होती. मोठे शेठ आपल्या केबिनच्या दारात येऊन उभे होते. मी ट्रेमध्ये बोट घालून बघितलं. बोट आत जात नव्हतं. मला राग आला, आणि तो राग भाल्यांचा नव्हता, ‘त्यांचंच आहे’ याचा होता. मी म्हटलं, “हा ट्रे माझा नाही. मी काढलेल्या ट्रेला चिमटीची जागा होती. ती डाय खाली तशीच पडून आहे, जाऊन बघ.”

रोहनने हर्षलकडे बघितलं. हर्षल हसला. यार, खेळणीच आहेत ना, चिकटतील की, म्हणाला. रोहनने रुमालाची गाठ मारली आणि तो जिना उतरून गेला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मला वाटलं होतं, बघेल.

मोठ्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्वतःच्या हाताने पाणी दिलं. म्हणाले, तुम्ही बोललात ते खरं आहे, पण बाहेरच्या माणसासमोर बोललात. मी म्हटलं, शेठ, त्याने माझं नाव बाहेरच्या माणसासमोरच घेतलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, आता वय झालं तुमचं, घरी आराम करा. ज्या माणसाने माझ्या चिमटीचे पेढे वाटले, तो हे म्हणत होता. हर्षलचं मला काही वाटलं नाही, पण मोठ्या शेठचं ते वाक्य आजही सलतं.

निरोप समारंभ झाला, अगदी साग्रसंगीत. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. हर्षलने भाषण केलं, मॅडम म्हणजे या गाळ्याचा आधार, असं म्हणाला आणि वाकून नमस्कारही केला. मी आशीर्वाद दिला. काय करणार, हात आपोआप डोक्यावर जातो. शफीकभाई खाली प्रेसवरच थांबले होते. मी निघताना म्हणाले, “मेरे को वो तालियाँ नहीं बजानी थी, मॅडम.”

रोहनला मी त्यानंतर पुष्कळदा फोन केला. त्याने उचलला नाही. एकदा नुसता मेसेज आला की त्या गृहस्थांनी सैन्य ठेवून घेतलं, पण पुढचं काम दुसऱ्याला दिलं. मी नोकरी गमावून त्याच्या बाजूने बोलले, त्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नव्हता. खरं बोलल्याचं समाधान वगैरे लोक म्हणतात. मला तरी कुठे सापडलं नाही. घरात बसून टीव्ही बघायचे, आणि जाहिरातीत कुणी डब्यातून वस्तू काढली की कुठे धरतो ते बघायचे.

आणि मग एका दुपारी फोन वाजला. नंबर गाळ्याचा होता. मला वाटलं, मोठे शेठ. अजून वाटतं असं, इतक्या वर्षांची खोड.

“मॅडम, मी रोहन.”

तो काही महिन्यांपासून तिथेच लागला होता. माझ्याच टेबलावर बसत होता. हर्षलने त्याला स्वतः बोलावून घेतलं होतं, तुला सैनिकांतलं कळतं, कॉम्प्युटर येतो, ये म्हणून. हे सगळं त्याने भराभर सांगितलं, एका दमात. मी सरळ विचारलं, तुझे भाले कुणाच्या ट्रेमध्ये मोडले ते विसरलास का रे? तो म्हणाला, “विसरलो नाही. पण वर्ष संपलं होतं ना, मॅडम.” मी विषय बदलला. रंगवतोस की नाही, असं विचारलं. म्हणाला, वेळ नाही मिळत.

काम असं होतं की चेंबूरचं एक गिऱ्हाईक ड्रॅगन घेऊन आलं होतं, पंख कागदासारखे पातळ, आणि माझ्या जुन्या ड्रॉइंगमध्ये तसा ड्रॅगन त्याला सापडत नव्हता. पंखाखाली किती सोडायचं आणि चिमटी कुठे घ्यायची, हे त्याला हवं होतं. फोन ठेवून द्यावा असं फार वाटलं. पण त्या पंखांचा काय दोष? मी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने काढत काढत त्याला सगळं सांगितलं. वजन कुठे घ्यायचं, शेपटी कशी वळवायची, फोम फुगेल म्हणून किती जास्त धरायचं, बोटं कुठून आत येतील. तो मधे मधे नेमके प्रश्न विचारत होता. मलाही न सुचलेली एक गोष्ट त्याने विचारली, ड्रॅगन उचलणारा डावखुरा असला तर? मला बरं वाटलं, खरंच फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत असं विचारणारं कुणी भेटलं नव्हतं.

सगळं सांगून झालं. त्याने ते लिहून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, एवढी जागा सोडली तर सर पास नाही करणार. थोडी कमी केली तर चालेल ना?”

मी म्हटलं, “नाही चालणार.”

मागे प्रेस चालू असल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, “अगदी थोडीच, मॅडम.”